वसतिगृहाची वीज: नोव्हेंबर ते जून, प्रकल्प नोंदी (जळगाव)

जागा आणि सुरुवातीची स्थिती

जळगाव शहराबाहेरच्या एका महाविद्यालयाचे मुलांचे वसतिगृह. पूर्व आणि पश्चिम अशा दोन विंग, तळमजला धरून तीन मजले, मजल्यावर १० खोल्या, खोलीत तिघे. म्हणजे एका विंगमध्ये ९० मुले. प्रत्येक खोलीत २ पंखे, २ ट्यूब, ६ अँपिअरची सॉकेट. विजेचा खर्च वार्षिक शुल्कातच धरलेला असल्याने कोणत्या खोलीत किती युनिट गेले हे कुणालाच दिसत नाही. काम करणारे: रेक्टर, महाविद्यालयाचा वायरमन, विद्युत शाखेचे विद्यार्थी आणि प्रत्येक मजल्याचा एक प्रतिनिधी.

आधीच्या वर्षांत पोस्टर, शपथ, भाषण हे सगळे होऊन गेले होते, त्याने काही हलले नाही. म्हणून या वेळी क्रम उलटा ठेवला: आधी मीटर, मग वसतिगृहाची स्वतःची दुरुस्ती, आणि मुलांना विनंती सगळ्यात शेवटी. गरम पाणी मिळत नसेल तर पाणी तापवायचा रॉड लावू नका असे मुलांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

१८ नोव्हेंबर: कोणती खोली कोणत्या एमसीबीवर

कागदावर वीजपुरवठ्याच्या तीन फेजपैकी तळमजला आर फेजवर, पहिला वाय, दुसरा बी. प्रत्यक्षात तसे नव्हते. एकेक एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पाडून कुठल्या खोल्या अंधारल्या ते खडूने दारावर लिहीत गेलो. पूर्व विंगच्या दोन खोल्या पश्चिमेच्या डीबीवर (एमसीबींच्या पेटीवर) निघाल्या, आणि एका ठिकाणी दोन मजल्यांचा न्यूट्रल (विजेची परतीची तार) एकच होता. आधी हे वेगळे केले. हे न करता मीटर लावले असते तर एका मजल्याची वीज दुसऱ्याच्या नावावर पडली असती आणि पहिल्याच आठवड्यात मुलांचा मीटरवरचा विश्वास उडाला असता.

मग प्रत्येक मजल्याला १०-६० अँपिअरचा सिंगल फेज सबमीटर बसवला. सहा मीटर, प्रत्येकी साधारण ९०० रुपये. पडताळणीसाठी प्रत्येक विंगच्या मुख्य केबलवर १००/५ सीटीचा (करंट ट्रान्सफॉर्मर, १०० अँपिअरचा प्रवाह मोजण्यासाठी ५ वर आणणारे कडे) थ्री फेज मीटर. व्हरांड्याचे दिवे, पाण्याची मोटर आणि सोलर हीटरचे विजेचे बॅकअप मुलांच्या मीटरबाहेर ठेवले, कारण त्यांचे बटण मुलांच्या हातात नाही.

२४ नोव्हेंबर: बेरीज जुळेना

पूर्व विंगमध्ये मुख्य मीटरचा आकडा तिन्ही मजल्यांच्या बेरजेपेक्षा बराच कमी. एक सीटी उलटी बसली होती. केबल सीटीवरच्या पी-१ खुणेकडून शिरून पी-२ कडे निघायला हवी, ती उलट होती, त्यामुळे त्या सीटीवरचा मजला मिळवला जाण्याऐवजी वजा होत होता. तिन्ही मजल्यांवर सारखा भार असता तर आकडा खऱ्याच्या एक तृतीयांश आला असता. मुख्य स्विच बंद करून सीटी फिरवली. चालू भारावर सीटीच्या पाचच्या बाजूच्या तारा कधीही सोडू नका, तिथे विजेचा जीवघेणा दाब तयार होतो. आणि १००/५ सीटीचा मीटर थेट युनिट दाखवत नसेल तर वाचनाला २० ने गुणायचे असते, हे मीटरच्या शेजारीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

मजल्याचे मीटर खरे बोलतात की नाही हे पाहायला इस्त्री पुरते. मीटरवर १६०० इम्प असे लिहिले असेल तर एका युनिटला लाल दिवा १६०० वेळा लुकलुकतो. मजल्यावरचे बाकी सगळे बंद करून १००० वॉटची इस्त्री लावली की दर सव्वादोन सेकंदांनी दिव्याचा एक ठोका पडला पाहिजे. गरम झाल्यावर इस्त्री आपोआप बंद पडते, म्हणून मोजणी पहिल्या मिनिटातच करा.

१ डिसेंबर: रिकाम्या खोल्यांतले पंखे

वरचेच गणित उलटे वापरले. २२५० ला दोन ठोक्यांमधल्या सेकंदांनी भागले की त्या क्षणाचे वॉट मिळतात. सकाळी साडेअकराला, मुले तासाला गेलेली असताना, पश्चिम विंगच्या पहिल्या मजल्याचा ठोका तीन सेकंदांना पडत होता. म्हणजे ७५० वॉट, जुन्या ७५ वॉटच्या दहा पंख्यांइतका भार, आणि मजल्यावर जवळजवळ सगळ्या दारांना कुलूप.

प्रतिनिधींशी बोलल्यावर कारण कळले. सकाळी लाईट जाते, पंखा थांबतो, मुले तशीच निघून जातात. तासाभराने लाईट आली की पंखा दुपारपर्यंत रिकाम्या खोलीत फिरत राहतो. त्यात चार-सहा बटणांच्या बोर्डावर कशाचे बटण कोणते हे लिहिलेले नसते, आणि लाईट नसताना दाबून पाहूनही कळत नाही.

उपाय दोन. प्रत्येक बटणाखाली पंखा, दिवा, सॉकेट असे ऑइलपेंटने लिहिले. कागदी स्टिकर महिनाभरात सुटतात. दुसरा उपाय फार स्वस्त: कुलूप अडकवायचा खिळा दाराच्या चौकटीवरून काढून बटणांच्या बोर्डाच्या अगदी शेजारी ठोकला. जाताना कुलूप घ्यायला हात तिथेच जातो. खिळ्याच्या वर लिहिले, "बटण पाहिलं का रे भो?" खोलीमागे खिळा, पेंट आणि मजुरी धरून ३० रुपयांच्या आत. तिघांपैकी शेवटचा कोण हा वादही मिटला, कारण कुलूप जो लावतो तोच शेवटचा.

६ डिसेंबर: रॉडचा प्रश्न

थंडी सुरू झाली की पहाटे मजल्यांचे मीटर पळू लागतात. याआधी खोल्या तपासून रॉड जप्त करायची पद्धत होती. त्याचा परिणाम असा झाला की रॉड लपवले गेले, पहाटे चारला दार लावून वापरले गेले आणि काही ठिकाणी प्लग कापून उघड्या तारा सॉकेटमध्ये खोचल्या गेल्या. १५०० वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, सॉकेट सहाचे. काळवंडलेली सॉकेट मोजली तेव्हाच ठरवले की हा प्रश्न युनिटचा नंतर, जिवाचा आधी.

मुले रॉड का लावतात याचे उत्तर गच्चीवर होते. विंगला ५०० लिटरचा सोलर हीटर आहे. टाकीत ५५ अंशांचे पाणी असेल आणि त्यात २० अंशांचे गार पाणी मिसळून ४० अंशांचे करायचे असेल, तर एकूण साधारण ८७५ लिटर होते, म्हणजे १५ लिटरच्या ५८ बादल्या. मुले ९०. उरलेल्या तीसेक जणांनी काय करायचे? १५ लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला रॉडला ०.४४ युनिट लागते. तीस बादल्यांचे १३ युनिट, रोज.

१२ डिसेंबर: सूर्याआधी बॅकअप

हीटरचे ३ किलोवॉटचे बॅकअप थर्मोस्टॅटवर कायम चालू, आणि थर्मोस्टॅट ६० वर. सकाळी आठला आंघोळी संपतात, टाकीत गार पाणी भरते, बॅकअप लगेच सुरू होते. ५०० लिटर २० वरून ६० अंशांवर न्यायला २३ युनिट आणि पावणेआठ तास लागतात. म्हणजे दिवसभर सूर्य आणि वीज एकाच पाण्यासाठी झगडतात आणि बिल विजेचे येते. खानदेशात डिसेंबरातही ऊन कडक असते, ते फुकट जात होते.

टायमर आणि २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच) बसवला, मजुरीसह विंगमागे २,५०० रुपये. ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर, ते टायमरच्या छोट्या संपर्कांवरून थेट नेऊ नका, संपर्क चिकटतात आणि टायमर बंद दाखवत असतानाही हीटर चालू राहतो. वेळ पहाटे साडेतीन ते सहा, थर्मोस्टॅट ४५. एवढ्यात जास्तीत जास्त साडेसात युनिट जातात आणि पाणी १३ अंशांनी वाढते. ऊन पडलेल्या दिवसानंतर थर्मोस्टॅट बॅकअप लावूच देत नाही.

२० डिसेंबर: टायमर मागे पडला

पूर्व विंगमध्ये बॅकअप सकाळी नऊला चालू सापडले. यांत्रिक टायमरला बॅटरी नव्हती. लाईट गेली की त्याचे घड्याळ थांबते, आणि जितका वेळ लाईट नाही तितका ते मागे पडते. थोडेथोडे करत सगळे वेळापत्रक सरकले. बॅटरीवाले टायमर घेतले, आधीचे वाया गेले. आमच्याकडे लाईट जाते हे माहीत असताना बॅटरी नसलेला टायमर घेऊच नये.

पाण्याचे वाटप असे केले: दुसऱ्या मजल्याने आंघोळ संध्याकाळी पाच ते सात, बाकी दोन मजल्यांनी सकाळी. संध्याकाळी टाकी सगळ्यात गरम असते. सक्ती केली नाही. मैदानावरून खेळून येणारी मुले आपणहून संध्याकाळकडे वळली, त्यामुळे सकाळची रांग तुटली. २५ मिलिमीटरच्या नळीत २० मीटरला साधारण १० लिटर पाणी मावते. पहिल्या माणसाला तेवढे गार पाणी ओतून द्यावे लागे. उभ्या नळ्यांना नायट्राइल फोमची गुंडाळी केली. गच्चीवरच्या भागाला त्यावर ॲल्युमिनियमची टेपही लागतेच, नाहीतर जळगावच्या उन्हात फोम दोन उन्हाळेही टिकत नाही.

पाणी मिळू लागल्यावरच रॉड जमा करायची पेटी ठेवली. प्रश्न नाही, दंड नाही, नावाची चिठ्ठी बांधायची, सुट्टीला घरी जाताना परत. जप्तीत जेवढे कधी सापडले नव्हते तेवढे रॉड पेटीत आले.

५ जानेवारी: फलक

मजल्यांचे आकडे १४ डिसेंबरपासून, ऊर्जा संवर्धन दिनापासून, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत होतो. आठवड्यानंतर कुणी पाहिनासे झाले. तेच आकडे मेसमध्ये हात धुवायच्या रांगेसमोर पांढऱ्या फलकावर हाताने लिहायला लागल्यावर मुले थांबून वाचू लागली. वाचन रोज रात्री आठलाच. वेळ चुकली की त्या दिवसाचा आकडा लिहायचा नाही.

आकडा मजल्याच्या एकूण युनिटचा नको, हजर मुलामागे हवा. शनिवार-रविवारी पाचोरा, चोपडा, यावलची अर्धी मुले गावी जातात आणि मजला आपोआप काटकसरी दिसतो. मेसच्या हजेरीने भागले की हे दूर होते. मागच्या महिन्याशी तुलनाही करू नका, हवा बदललेली असते. एकाच आठवड्यातले मजले एकमेकांशी ताडा. त्यातही दुसरा मजला छपराखाली असल्याने जास्त तापतो, म्हणून पूर्वचा दुसरा पश्चिमच्या दुसऱ्याशीच.

एक गोष्ट उलटी झाली. सरासरी लिहायला लागल्यावर सरासरीच्या खाली असलेले दोन मजले हळूहळू वर सरकले. आपण फारच जपतो असे वाटून हात सैल सुटला. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावच्या घरांवर केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले होते, आणि कमी वापरणाऱ्यांच्या आकड्याशेजारी हसरा चेहरा काढल्यावर ते थांबले होते. आम्हीही हिरव्या मार्करने तसा चेहरा काढू लागलो. मजले पुन्हा खाली आले.

फलकाच्या कोपऱ्यात रोज एकच तुलना: रॉडची एक बादली म्हणजे जुना पंखा पावणेसहा तास किंवा एलईडी ट्यूब २२ तास. मोबाइलचा चार्जर सॉकेटला राहिला तर काय, हे मुले फार विचारतात. रिकामा चार्जर अर्धा वॉटही घेत नाही. त्यावर मोहीम करू नका, रॉड आणि पंखे सोडून लक्ष भलतीकडे जाते.

२२ जानेवारी: स्पर्धा आणि पळवाटा

दोन आठवड्यांची मजल्यांची स्पर्धा. अमेरिकेत ओबर्लिन महाविद्यालयाच्या वसतिगृहांत २००५ साली अशाच दोन आठवड्यांत विजेचा वापर ३२ टक्के उतरला होता, आणि जिथे आकडे क्षणोक्षणी पडद्यावर दिसत होते तिथे ५५ टक्के. हे आकडे प्राचार्यांना दाखवा, पण वर्षभराचे वचन म्हणून देऊ नका. ती स्पर्धा होती आणि स्पर्धेचा जोर ओसरतो.

आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात लॅपटॉप चार्ज करायला अभ्यासिकेत गर्दी झाली आणि इस्त्र्या दुसऱ्या विंगमध्ये जाऊ लागल्या. मजल्याचा आकडा पडला, वसतिगृहाचा नाही. अभ्यासिकेला वेगळा मीटर लावून ते युनिट सगळ्यांत वाटले. त्याहून वाईट म्हणजे जिन्याचा दिवा काढून ठेवला गेला, तोही मुलांच्या मीटरवर नसलेला. तेव्हापासून नियम पहिल्या ओळीत: जिना, व्हरांडा, संडास यांचे दिवे आणि आजारी मुलाची खोली स्पर्धेबाहेर.

बक्षिसाचे आधी लेखी ठरवा. परिसराची उच्चदाब जोडणी एकच असल्याने वसतिगृहाची बचत बिलात वेगळी दिसत नाही, आणि मागणी आकार (युनिटवर नव्हे, जास्तीत जास्त भारावर लागणारा आकार) युनिट वाचल्याने लगेच उतरत नाही. म्हणून वाचलेले युनिट गुणिले फक्त वीज आकाराचा दर, त्यातला निम्मा वाटा विंगला, असे पत्र प्राचार्यांच्या सहीने घेतले. रोख बक्षिसाची कल्पना मुलांनीच नाकारली. एका विंगने भरीत-पुरीचा बेत मागितला, दुसऱ्याने टेबल टेनिसचे टेबल दुरुस्त करून घेतले.

१० फेब्रुवारी: पंखे

उन्हाळ्याआधी पूर्व विंगच्या दुसऱ्या मजल्याचे २० पंखे बदलले. ७५ वॉटच्या जागी २८ वॉटचे बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचे), प्रत्येकी २,८०० रुपये. दिवसाला १४ तास, वर्षाला २५० दिवस धरले तर पंख्यामागे साधारण १६५ युनिट वाचतात. दर युनिटला १० रुपये धरला तर पैसे २० महिन्यांत फिटतात. तुमचा दर बिलावर पाहून गणित पुन्हा करा.

जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढायलाच हवा. दोन खोल्यांत तो राहून गेला, पंखे गुणगुणू लागले आणि एकाचे सर्किट गेले. दुसरी अडचण रिमोटची: एकाच कंपनीचे दोन पंखे एका खोलीत असले की एका रिमोटने दोन्ही हलतात. एकाला गार वाटते, दुसऱ्याला गरम, आणि भांडण. पुढच्या खरेदीत भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारे मॉडेल घ्यायचे ठरले. तोवर रिमोट दोरीने बोर्डाला बांधले. डीबीतला सैल न्यूट्रलही आवळून घ्या, तो सुटला की दाब चढतो आणि हे पंखे जुन्यांपेक्षा लवकर मरतात.

ट्यूबचे काम सोपे. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब चोकसह ५५ वॉट, एलईडी २० वॉट. चोक आणि स्टार्टर काढून टाका.

४ मार्च: मोटर

३ अश्वशक्तीची मोटर साधारण ३ किलोवॉट घेते. टाकी भरून अर्धा तास वाहिली की दीड युनिट गेले, शिवाय पाणी, आणि मार्चनंतर खानदेशात पाणी सांडणे कुणालाच बघवत नाही. टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट स्विच लावला. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्यामुळे चुंबकी सेन्सरवर पांढरा थर बसून तो अडकला. साधा केबलवाला फ्लोट टिकला. बिलात दिवसाच्या युनिटला सवलत असेल तर मोटर सकाळी दहा ते चार या वेळात चालवा.

३० मार्च: कूलर

मुले हंगामापुरते कूलर भाड्याने आणतात. बंदी घातली तर लपून येतील आणि लपून आलेल्या कूलरचे अर्थिंग कोण तपासणार? म्हणून परवानगी, पण वायरमनने तपासून चिठ्ठी लावल्यावरच: तीन पिनचा प्लग, पत्र्याला अर्थ, मजल्याच्या डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). आरसीसीबी लावताच एका मजल्यावर तो सतत पडू लागला. तिथे एक उरलेला सामाईक न्यूट्रल सापडला. तो वेगळा केल्यावर थांबला.

कूलर साधारण २०० वॉटचा, म्हणजे जुन्या तीन पंख्यांच्याही आत. पण मुले दार-खिडक्या घट्ट लावून तो चालवतात. ओल खोलीतच कोंडते, गारवा येत नाही, म्हणून दोन्ही पंखेही जोरात लावतात. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली की एका पंख्याने भागते. आधी दहा मिनिटे नुसता पंप चालवून गवत भिजू द्या, मग पंखा. गवतावर क्षारांची पापडी धरली की हवा आत येत नाही, हंगामात एकदा तरी ते बदला. टाकीतले पाणी आठवड्याला पूर्ण ओता, डासांसाठीही.

१२ एप्रिल: गच्ची

दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर दोन हात चुना. गच्ची घासून धुतली, भेगा भरल्या, चुना रात्रभर भिजवून गाळला, चिकटपणासाठी त्यात डिंकाचे द्रावण. पहिला हात ओल्या स्लॅबवर, तोही सूर्य उतरल्यावर. दुपारी लावलेला चुना लगेच सुकून भुकटी होतो, एका कोपऱ्यात तसेच झाले आणि तो भाग पुन्हा करावा लागला. चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी करावा लागेल.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यातले आकडे स्पर्धेत धरले नाहीत. निम्मे वसतिगृह गावी असते आणि उरलेल्यांचे मुलामागचे युनिट उगाच फुगते.

८ मे: सेन्सरने माणूस ओळखेना

व्हरांड्यात फेब्रुवारीत बसवलेले पीआयआर सेन्सर तेव्हा नीट चालत होते. मेमध्ये रात्री नऊलाही भिंती तापलेल्या, आणि माणूस खालून गेला तरी दिवा लागत नाही. हा सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक पाहतो. व्हरांडा ३७-३८ अंशांवर गेला की फरकच उरत नाही. जिन्यांवर ताबडतोब साधे एलईडी दिवे कायम चालू केले, अंधारात कुणी पडण्यापेक्षा ते बरे. व्हरांड्यात मायक्रोवेव्ह सेन्सर लावले, पण ते पातळ दारापलीकडची हालचालही पकडतात, म्हणून त्यांची संवेदनशीलता कमी करावी लागली. आपल्या भागात पीआयआर घेणार असाल तर मेमध्ये तपासून मगच घ्या.

१० जून: हस्तांतर

नवी मुले येण्याआधी प्रत्येक खोलीचे खिळे, बटणांची नावे आणि सॉकेट पुन्हा पाहिली, चार सॉकेट बदलली. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. १ जुलैपर्यंत ते खोलीबाहेर काढायचे असे मजला प्रतिनिधींशी ठरले.

पश्चिम विंगचे पंखे बाकी आहेत, दुसऱ्या मजल्याच्या २० पंख्यांचे दरपत्रक रेक्टरांकडे दिले आहे. सोलरच्या नळ्यांतला क्षार ऑक्टोबरात, थंडीच्या आत काढायचा. फलकावर लिहायची पाळी यंदा दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे. त्यांच्यासाठी वाचनाची वही, मेसच्या हजेरीने भागायची पद्धत आणि डीबीवार खोल्यांची यादी रेक्टरांच्या कपाटात ठेवली आहे. सीटीच्या दिशेचा फोटो डीबीच्या दाराला आतून चिकटवला आहे.